समोरच तर आहे!

इटलीतल्या मातेरा गावी गेलात, तर दरीच्या कठड्याशी उभं राहून पलीकडे बोट दाखवणाऱ्या माणसापासून लांब राहा. माझं तर लग्नच त्याच्याशी झालंय. "ती बघ, डोंगरातली चर्चं. समोरच तर आहेत!"

समोर होतीच. मध्ये फक्त ग्राविना नदीची घळ होती.

यांच्या आत्याबाई शहाण्या. त्यांनी सास्सीतल्या, म्हणजे गावातल्या जुन्या गुहाघरांच्या वस्तीतल्या, एका कट्ट्यावर बसकण मारली. "तुम्ही या जाऊन. मला इथूनच दिसतंय."

पोर्ता पिस्तोला या वेशीपासून वाट खाली घळीत जाते. पायाखाली घासून गुळगुळीत झालेली चुनखडी. मी प्रत्येक दगडावर आधी बूट टेकवत होते, मग हात, मग कुलदैवताचं नाव. "आम्ही हरिश्चंद्रगड केलेली माणसं," पुढून आवाज आला. तो कॉलेजात. त्यानंतर हे चढलेत ते माळ्यावर.

तळाशी झुलता पूल. त्याच्या बरोब्बर मध्यावर फोन वाजला. "अगं, मध्येच काय थांबलात? मागची माणसं खोळंबलीत!" पलीकडे कट्ट्यावरचा एक ठिपका हात हलवत होता. मग फोन थांबेचना. "त्याला टोपी घालायला सांग." "डावीकडची वाट धरा." "परत बसलात?" घरी निदान स्वयंपाकघरात सटकता येतं; इथे अख्ख्या उतारावर आडोशाला एक झाड नाही.

पलीकडचा हा डोंगर म्हणजे एक उद्यान आहे; त्यात अशी सुमारे 150 चर्चं आहेत. 1993 साली सास्सीसकट हे सगळं जागतिक वारसा यादीत गेलं. मध्ययुगात साधूंनी आणि गावकऱ्यांनी कोरलेली ही देवळं पुढे बरीचशी मेंढपाळांच्या ताब्यात गेली. आम्ही एकात डोकावलो. भिंतीवर मेरीमातेचं पुसट चित्र, चेहऱ्याचा रंग उडालेला, पण निळा पदर अजून शाबूत.

"काय आहे गं आत?" फोन.

"देवाची आई आहे, आत्या. आणि लेंड्या."

"अगं बाई! पायातलं काढलंस ना?"

वर टेकडीवर बसून सास्सीकडे पाहिलं, तेव्हा मात्र पाय दुखायचे थांबले. त्या भोकाभोकांमधून माणसं, पोरं, कोंबड्या आणि खेचर एकाच खोलीत राहायची. 1952 साली सरकारने कायदा करून सुमारे 15,000 लोकांना तिथून हलवलं. आता तशाच एका गुहेत आम्ही युरो मोजून झोपत होतो. जिथे खेचर बांधत, तिथे आमच्या बॅगा. आत्याबाईंनी पहिल्याच रात्री भिंतीला हात लावून "ओल आहे" असं निदान केलं होतं.

एवढ्यात मागे हॉर्न वाजला. वळून बघते तर गाड्या! टेकडीवर मागच्या बाजूने चक्क डांबरी रस्ता येतो. इस्त्रीचे कपडे घातलेल्या, उंच टाचांच्या दोन बायका उतरल्या आणि घामाने निथळणाऱ्या यांच्या हातात मोबाईल देऊन फोटोसाठी उभ्या राहिल्या. हे निमूट फोटो काढत होते.

पुन्हा फोन. "त्या लाल गाडीवाल्यांना विचार गं, परत इकडेच येणार आहेत का. दोघांपुरती जागा दिसतेय मागे."