नाम-सर्वनामाचे ‘पाच सोपे नियम’ मुलांना पाठवण्याआधी

‘इंग्रजी नाम-सर्वनामाचे पाच नियम पाठ करा, बाकी व्याकरणाची गरज नाही’ असा एक संदेश पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गटांत जोरात फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण पाचांतला एकही नियम जसा लिहिलाय तसा टिकत नाही, आणि तिसऱ्यामुळे तर बरोबर लिहिणारी मुलंही चुकू लागतात.

पहिला नियम म्हणतो, व्यक्ती, ठिकाण किंवा वस्तूचं नाव म्हणजे नाम. मग ‘अरायव्हल’ हा शब्द कशात बसवायचा? येणं ही क्रिया आहे, तरी तो शब्द नाम आहे. उलट ‘वॉटर’ ही वस्तू खरी, पण ‘प्लीज वॉटर द प्लांट्स’ यात तोच शब्द क्रियापद होतो. शब्दाची जात अर्थावरून नव्हे, वाक्यातल्या वागण्यावरून ठरते. त्याच्या आधी ‘द’ किंवा ‘माय’ बसतं का, तो कर्ता किंवा कर्म होतो का, हे बघायचं. लहान मुलांना पहिल्या दिवशी ही व्याख्या सांगायला माझी हरकत नाही, पण ती पहिल्याच दिवसापुरती.

दुसरा नियम आपण सगळ्यांनी घोकलेला आहे: सर्वनाम नामाऐवजी येतं. करून बघा. ‘द टॉल बॉय लेफ्ट’ या वाक्यात नाम आहे ‘बॉय’. त्याच्या जागी ‘ही’ घातलं की होतं ‘द टॉल ही लेफ्ट’. असं इंग्रजीत कुणीच म्हणत नाही. ‘ही’ एकट्या ‘बॉय’ची नव्हे, तर ‘द टॉल बॉय’ या अख्ख्या पदसमूहाची जागा घेतं. नुसत्या नामाची जागा घेणारा शब्द वेगळाच आहे, तो म्हणजे ‘वन’: ‘द टॉल वन लेफ्ट’. हा किस काढण्याचं कारण असं की ‘माय ब्रदर ही इज अ डॉक्टर’ अशी वाक्यं आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. ‘माय ब्रदर’ आणि ‘ही’ एकाच जागेचे दावेदार आहेत, हे एकदा कळलं की मुलं त्यातलं एक आपणहून खोडतात. शिवाय ‘इट इज रेनिंग’मधलं ‘इट’ कुठल्या नामाऐवजी आलंय? कुठल्याच नाही. असल्या वाक्यात इंग्रजीला कर्त्याची जागा रिकामी चालत नाही, म्हणून ते तिथे बसवलेलं असतं.

तिसरा नियम सगळ्यांत घातक: ‘यू अँड मी’ अशुद्ध, कायम ‘यू अँड आय’च म्हणा. हा पाळणारी मुलं मग ‘शी कॉल्ड माय सिस्टर अँड आय’ असं लिहितात. बहिणीला क्षणभर बाजूला काढा. उरतं ‘शी कॉल्ड आय’, आणि चूक तिथेच कानाला खटकते. मराठीत ‘तिने बहिणीला आणि मी बोलावलं’ असं आपण कधी म्हणू का? कर्म असेल तिथे इंग्रजी ‘मी’ (me), ‘बिट्वीन’सारख्या शब्दयोगी अव्ययानंतरही तेच ‘मी’. म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’ हेच प्रमाण इंग्रजी. सोबत कोणी आहे म्हणून सर्वनामाची विभक्ती बदलत नाही.

चौथा म्हणतो, ‘दे’ एका व्यक्तीसाठी वापरणं ही आजकालची फॅशन. ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’ या धर्तीचा वापर इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतो. तिथे ‘हिज’च बरोबर, हा आग्रह बराच नंतरचा. अशा पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात हे उघड नव्हतंच; कायद्यांपुरतं ते स्पष्ट करायला ब्रिटिश संसदेला १८५० साली कायदा करावा लागला होता. खुद्द ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनी. एकवचनी ‘दाऊ’ मागे पडलं आणि ‘यू’ एकालाही चालू लागलं, पण क्रियापद अनेकवचनीच राहिलं. म्हणून समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’. ‘सर आले’ म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ‘दे’चंही तसंच आहे: माणूस एक असला तरी ‘दे आर’.

राहिला पाचवा, की मोजता येतं ते गणनीय नाम. पैसे तर आपण रोज मोजतो, तरी ‘मनी’ अगणनीय. खुर्च्या-टेबलं मोजता येतात, पण ‘फर्निचर’ला ‘एस’ लागत नाही. धान्यातसुद्धा ‘ओट्स’ अनेकवचनी आणि ‘व्हीट’ अगणनीय, दाणे दोन्हींना असूनही. गणनीय असणं हा शब्दाचा गुण आहे, वस्तूचा नव्हे, त्यामुळे तर्काने तो नेहमी ओळखता येत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशांत नामापुढे ‘सी’ (C, गणनीय) किंवा ‘यू’ (U, अगणनीय) हे अक्षर असतं. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’ यांना ‘एस’ लावायचा मोह झाला की आधी ते अक्षर बघा.