ग्रेट्झकी नापास, म्हणून सगळेच माजी खेळाडू नापास?

फोंडा, डिचोली, म्हापसा, जिथे म्हणून फुटबॉलचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे तिथे सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मथळा आहे, ‘मोठा खेळाडू कधीच चांगला कोच होत नाही’. पुरावा आणलाय थेट आइस हॉकीतून. वेन ग्रेट्झकी, त्या खेळातला सर्वांत मोठा माणूस, कोच झाला आणि वर्षभरात हाकलला गेला. उलट स्कॉटी बोमन कधी खेळलाच नाही, तरी त्याने नऊ वेळा स्टॅनले कप (उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या सर्वांत वरच्या लीगचं विजेतेपद) जिंकून दिला. आणि कोच तसा करतो काय, बाकामागे उभा राहून च्युइंगम चघळतो. म्हणून गावच्या क्लबांनी माजी खेळाडू नेमणं बंद करावं आणि सर्टिफिकेटवाले आणावेत. खाली अंगठ्यांची रांग.

गोव्यात बर्फ दिसतो तो मासळीच्या पेटीत, तेव्हा तपासायला कोण बसलंय, असा लिहिणाऱ्याचा हिशेब असावा. पण इथल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी टोरोंटोकडे आहे, आणि तिथले रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे लागतात. बघणारे आहेत, बाबा.

‘वर्षभरात हाकलला’ हे साफ खोटं. ग्रेट्झकी 2005 ते 2009 असे चार हंगाम एनएचएलच्या फीनिक्स कायोटीज या क्लबाचा कोच होता. 143 विजय, 161 पराभव, शिवाय जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले 24 पराभव, आणि एकदाही प्लेऑफ (कपसाठीची बाद फेरी) नाही. कामगिरी सुमार, हे मान्य. पण त्याला कोणी काढलं नाही. क्लब दिवाळखोरीच्या कोर्टात गेला आणि सप्टेंबर 2009 मध्ये तो स्वतःच बाजूला झाला. याच क्लबात त्याची मालकीची भागीदारी होती, आणि त्याआधी त्याने एकाही संघाला कोचिंग केलेलं नव्हतं. 894 गोल करणारा माणूस पहिल्याच दिवशी सर्वांत वरच्या लीगचा मुख्य कोच. फॉरवर्डने नेमकी हीच ओळ गाळली.

आणि मोठा खेळाडू ‘कधीच’ नाही? टो ब्लेक 1939 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पाय मोडून खेळ संपल्यावर तो खालच्या लीगमध्ये कोचिंग करत राहिला, 1955 मध्ये माँट्रियालचा कोच झाला आणि तेरा हंगामांत आठ कप घेऊन गेला. रॉड ब्रिंडामोर 2006 मध्ये कॅरोलायनाचा कप जिंकणारा कर्णधार. तिथेच आधी सहायक म्हणून राबला आणि 2018 पासून मुख्य कोच आहे.

बोमन ‘कधी खेळलाच नाही’ हेही अर्धसत्य. तो माँट्रियालच्या ज्युनियर संघाकडून खेळायचा. 1952 मध्ये डोक्याला स्टिकचा जबर मार बसला आणि पुढचा रस्ता बंद झाला. मग कोच म्हणून लहान पोरांचे संघ, ज्युनियर संघ, तिथून एनएचएलमधला सेंट लुईसचा संघ. सेंट लुईसला त्याने सलग तीन अंतिम फेऱ्या गाठल्या आणि तिन्ही हरला. पहिला कप आला 1973 मध्ये. म्हणजे दुखापतीपासून वीसेक वर्षं. ती वर्षं फॉरवर्डमध्ये मावली नाहीत.

माझ्या मते खरी मेख या मधल्या वर्षांतच आहे. जॅरेड बेडनार बघा. एनएचएलमध्ये एकही सामना नाही, पण खालच्या लीगांत बरीच वर्षं पगारी खेळाडू. साउथ कॅरोलायनाच्या संघाकडून खेळाडू म्हणून दोनदा विजेता, मग तिथेच कोच म्हणून 2009 मध्ये विजेता. वरच्या पायरीवर, लेक एरीकडे, 2016 मध्ये पुन्हा विजेता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलोरॅडोचा कोच पॅट्रिक रॉय याने अचानक राजीनामा दिला आणि बेडनारला बोलावणं आलं. पहिल्या हंगामात 82 सामन्यांत 22 विजय, 48 गुण, लीगमध्ये तळाला. आपल्याकडे असता तर दिवाळीआधीच नारळ दिला असता. त्यांनी ठेवला. 2022 मध्ये कप आला. हा माणूस माजी खेळाडूच आहे, फक्त पोस्टरवर न आलेला.

माझ्या म्हणण्याला आडवं जाणारं नावही सांगतो, मार्टिन सें लुई. मोठा खेळाडू, आणि आपल्या मुलांच्या संघांना शिकवता शिकवता फेब्रुवारी 2022 मध्ये एकदम माँट्रियालचा कोच. पण संघ तेव्हा तळाला होता, क्लबने धीर धरला, आणि प्लेऑफ लागली ती 2025 मध्ये. म्हणजे त्याची मधली वर्षं खुर्चीवर बसून झाली.

आता च्युइंगम. या खेळात एक खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट बर्फावर टिकतो, पाय भरून येतात. बदली चालू खेळातच होते, शिट्टी वाजत नाही. एक माणूस जास्त उतरला की दोन मिनिटांची शिक्षा. खेळ थांबला तर पाहुण्यांनी आपली फळी आधी उतरवायची, ती बघून यजमान कोचने आपली निवडायची. समोरच्या हुकमी आक्रमक खेळाडूवर कोणाला सोडायचं हे क्षणात ठरवायचं. ऑफसाइडचं अपील फसलं तर पुन्हा दोन मिनिटं एक माणूस कमी. चघळू द्या की त्याला.

राहिला गोवा. झिकोपेक्षा मोठा खेळाडू आपल्याकडे कोच म्हणून आलेला नाही. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवाचा कोच असताना 2014 मध्ये उपांत्य फेरी, 2015 मध्ये फातोर्ड्यात चेन्नईयनकडून 2–3 ने हरलेला अंतिम सामना, 2016 मध्ये तक्त्यात शेवटचा नंबर. माणूस तोच, मग फॉरवर्डच्या नियमात यातलं कुठलं वर्ष बसवायचं? धेंपो क्लबाला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे आर्मांदो कुलासो एकाच क्लबात दहा वर्षांहून जास्त राहिले, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि सर्टिफिकेटवाला वेगळा, माजी खेळाडू वेगळा, ही वाटणी कोणी केली? कोचिंगच्या लायसन्सला माजी खेळाडूही बसतातच. क्लबच्या बैठकीत उमेदवाराला विचारायचंच असेल तर एवढं विचारा: तेरा वर्षांखालच्या पोरांना कुठल्या मैदानावर, किती हंगाम शिकवलंत, आणि त्यातली किती पोरं अजून खेळतायत?