सुटता सुटेना

गाडीच्या मॅन्युअलमध्ये पुढचा शॉकअप, म्हणजे खड्ड्यांचे धक्के झेलणारा दांडा, काढायची कृती चार ओळींत आटोपते. नट काढा, बोल्ट काढा, शॉकअप बाहेर घ्या, जोडणी उलट क्रमाने करा. हे लिहिणाऱ्याने कोरी करकरीत गाडी समोर उभी करून लिहिलं असणार. वर्षानुवर्षं चिखल-पाणी खाल्लेल्या गाडीखाली डोकं घातलं की नट कुठला, बोल्ट कुठला आणि त्यावर चढलेलं लाल पोपडं कुठलं, हे ठरवण्यातच पहिला चहा गार होतो.

या खांबासारख्या भागाला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९४७ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक ज्याभोवती वळतं तो आस, सगळं त्याने एकाच दांड्यात बसवलं. जागा वाचली, सुटे भाग कमी झाले, खर्च उतरला. माणूस बुद्धिमान होता, वादच नाही. पण एवढ्या गोष्टी एका जागी नांदायला लागल्या की गंजालाही चार ठिकाणी हिंडावं लागत नाही, हे त्या अर्जात कुठे लिहिलेलं नसावं.

गंजाचं गणित साधं आहे. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. तिथे हा पाहुणा शिरतो आणि पोट सुटल्यासारखा फुगतो. मग नट जागचा हलत नाही. आणि नट हलत नाही हे दिसलं की घरातला एक तरी माणूस हलतो. आमच्याकडे तो मेहुणा आहे.

"दाजी, जोर लावा!" हा त्याचा यंत्रशास्त्राचा संपूर्ण अभ्यासक्रम.

माझं मत वेगळं आहे. जाम नट काढण्यातलं खरं कौशल्य म्हणजे काही न करणं. तारेच्या ब्रशने आटे घासायचे, गंज सोडवणारं तेल मारायचं, हातोडीने नटाला चार हलक्या टिचक्या द्यायच्या आणि उठून जायचं. तासाभराने पुन्हा तेच. रात्रभर मुरू दिलं तर उत्तम. तेल आट्यांत शिरायला वेळ लागतो, त्याला आपल्या घाईचं सोयरसुतक नसतं. अडचण एवढीच, की या तंत्राने चाललेलं काम आणि पेपर वाचत पडलेला माणूस यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही. "झालं का?" असं बायकोने विचारलं की "तेल मुरतंय" म्हणावं लागतं. शास्त्रीयदृष्ट्या हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. घरात त्याला मुळीच किंमत नाही.

मुरल्यावर पाना लावायचा तो सहा कोनांचा. बारा कोनांचा गोटी पाना गंजलेल्या नटावर घसरतो, कोपरे खातो, आणि गोल झालेला नट मग कोणालाच ओळख देत नाही. शिवाय आधी नट केसभर आवळायचा आणि मग सोडायचा. आवळताना गंजाची पकड मोडते. हे मी करत असताना मेहुण्याने "दाजी, उलटं फिरवताय!" असा टाहो फोडला, तो गल्लीत लांबवर ऐकू गेला.

मग त्याने पाइप आणला. पान्याला लांब पाइप लावणं चूक नाही. एक मीटर लांबीच्या टोकाला पन्नास किलो भार टाकला तर नटावर साधारण ४९० न्यूटन-मीटर पीळ पडतो, आणि एवढ्यावर बरेच अहंकारी नट शरण येतात. पण गाडी उचललेली असताना हा पराक्रम करायचा तर ती जॅकवर नको, पक्क्या जमिनीवर ठेवलेल्या स्टँडवर हवी. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. तरीही पाइपवर उभं राहून नाचायचं नाही. मेहुण्याचा तोच बेत होता. आणि डोळ्यांवर चष्मा. खालून ठोकताना गंजाचा पापुद्रा सरळ डोळ्याकडेच येतो, त्याला दुसरा पत्ता माहीत नाही.

पाइपनंतर ब्लोटॉर्चचा प्रस्ताव आला. तापवलं की नट प्रसरण पावतो, हे त्याला शाळेतलं आठवलं याचा मला आनंदच झाला. पण नटाला लागूनच शॉकअप, त्याच्या पोटात तेल आणि बहुतेक वेळा दाबाखालचा वायू. शेजारी ब्रेकची रबरी नळी. वर आपणच मारलेलं तेल, तेही पेट घेणारं. काही ब्रेक क्लीनर्समध्ये क्लोरीनयुक्त रसायन असतं, त्यावर ज्वाला पडली तर फॉस्जिनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. हे सगळं सांगितल्यावर मेहुण्याने टॉर्च ठेवून दिला, पण चेहऱ्यावर 'दाजी भित्रे' असं लिहिलेलं होतं.

लिंक रॉडच्या, म्हणजे शॉकअपला जोडलेल्या एका बारीक दांड्याच्या, नटाने वेगळाच खेळ मांडला. पाना फिरवला की नटासोबत आतला दांडाही फिरतो. दिवसभर फिरवा. दांड्याच्या टोकाला एलन कीसाठी, म्हणजे सहा कोनी चावीसाठी, खाच असते, तिच्यात चावी घालून दांडा धरून ठेवायचा. पण त्या खाचेतही गंज बसलेला. सुईने कोरून ती मोकळी केली, की चावी आत बसून थोडी धरते, मग निसटते, मग धरते. शेवटी नट कापला. नवा लिंक रॉड घेणं हा पराभव नव्हे, तह आहे.

खालच्या दोन बोल्टांची गंमत अशी की बऱ्याच गाड्यांत त्यांच्या अंगावर दाते असतात, ते शॉकअपच्या पट्टीत रुतून बसतात. म्हणून डोकं नाही, नटच फिरवायचा. नंतर नट बोल्टच्या टोकाशी सपाट ठेवून ठोकायचं, म्हणजे आटे शाबूत राहतात. बोल्ट निघाले की चाकाचा हब बाहेर कलंडतो. तो तारेने बांधून ठेवला नाही तर ब्रेकच्या नळीवर आणि एक्सलच्या आतल्या जोडावर ताण येतो.

आता या कामातला सगळ्यात मोठा विनोद. बाकी सगळे नट जाम असताना बॉनेट उघडल्यावर शॉकअपच्या माथ्यावर मधोमध एक नट दिसतो. स्वच्छ, कोरडा, पाना लावला की लोण्यासारखा फिरेल असा. आणि नेमका तोच सोडायचा नाही! त्याच्या खाली स्प्रिंग दाबून बसलेली असते. तो निघाला तर ती वरची टोपी घेऊन मोकळी होते, आणि वाटेत कोण उभं आहे हे बघत नाही. त्याच्या भोवतीचे छोटे नट काढायचे, मधल्याला नमस्कार करायचा. मेहुण्याचा हात अर्थातच मधल्यावर. त्या दिवशी मी एकदाच ओरडलो, ते तेव्हा.

शॉकअप बाहेर आला की त्याच्या स्प्रिंगवर ती दाबायचे दोन हुकवाले स्क्रू समोरासमोर लावतात आणि हाताने, थोडा हा, थोडा तो, असं आळीपाळीने आवळतात. मशीनगनसारख्या आवाजाच्या इम्पॅक्ट पान्याने नाही. टोकाच्या रेषेत तोंड आणायचं नाही. स्प्रिंग बैठकीत सैल होऊन बोटाने हलली, तेव्हाच तो मधला नट. तेवढा वेळ मेहुणा गप्प होता. लग्नानंतर मी त्याला इतका गप्प पाहिला नव्हता.

नवा शॉकअप बसवणं किरकोळ. नवे लॉकनट, ठरलेल्या पिळाला आवळणं, नंतर चाकांचं अलाइनमेंट.

मात्र शॉकअप जोडीने बदलतात. दुसऱ्या बाजूला मी रीतसर ब्रश मारला, तेल मारलं, टिचक्या दिल्या आणि मुरू द्यायला आत गेलो. परत आलो तर मेहुणा हातात नट घेऊन उभा. पहिल्याच झटक्यात सुटला म्हणे. तेव्हापासून घरात काहीही अडलं, बरणीचं झाकण असो की खिडकीची कडी, त्यालाच बोलावतात. मी शेजारी उभा राहून तेल मुरायला किती वेळ लागतो ते सांगत असतो.