खुलासा : अल्पाइनमधली बिझीबॉक्स फाइल उडवू नका
'अल्पाइन लिनक्समध्ये एलएस, सीपी, ग्रेप सगळं एकाच बिझीबॉक्स फाइलकडे जातं, म्हणजे सिस्टिम हॅक झालीय. फाइल डिलीट करा' असा मेसेज फिरतोय. (अल्पाइन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची एक आवृत्ती; एलएस, सीपी, ग्रेप या तिच्यातल्या रोजच्या कमांड.) निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. बिझीबॉक्स हा मुक्त-स्रोत प्रोग्राम ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियन या दुसऱ्या लिनक्स आवृत्तीच्या इन्स्टॉलेशन फ्लॉपीसाठी लिहायला घेतला. ज्या नावाने हाक माराल, ते काम तो करतो. बाकी नावं नुसत्या सिमलिंक, म्हणजे त्या एका फाइलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा. जागा वाचते, इतकंच. 'बिझीबॉक्स --लिस्ट' चालवा, त्यातल्या सगळ्या कमांड दिसतील. फाइल उडवलीत तर शेलही (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) जाईल, कारण तिथलं एसएच हे शेलसुद्धा बिझीबॉक्सच आहे. (मग दुरुस्ती कशाने करणार?) काही ऑप्शन ग्नूपेक्षा (इतर बहुतेक लिनक्समध्ये असणाऱ्या याच कमांडच्या संचापेक्षा) वेगळे वागतात हे खरं, अडत असेल तर 'एपीके अॅड कोअरयुटिल्स' करून ग्नूच्या कमांड बसवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.