शिक्क्याचा धाक कुणाला?

जास्त साखरेच्या पदार्थांच्या पाकिटावर समोरच इशाऱ्याचा शिक्का हवा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साखर वाईट हे शेंबडं पोरही सांगेल, पाकिटावर इशारा छापल्याने खाणारा काही थांबत नाही, आणि शहाण्यासुरत्या गिऱ्हाइकाला असं दटावणं हा त्याचा अपमान आहे.

कोल्ड्रिंकपुरतं मान्य. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. आकडा ठाऊक नसला तरी आपण गोड पाणी पितोय हे पिणाऱ्याला कळतंच. घोळ होतो तो ‘पौष्टिक’ म्हणून उचललेल्या मालात. एखादा ओट्सचा बार उलटा करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात: आधी ओट्स, मग साखर, जरा पुढे ग्लुकोज सिरप, मग मध, शेवटाकडे डेक्स्ट्रोज. चारही गोड मंडळींची बेरीज केली तर ओट्सचा पहिला नंबर टिकेलच असं नाही. दुकानात उभ्याउभ्या, मुंगीएवढी अक्षरं वाचत ही बेरीज कोण करतं? मी तरी करत नाही, आणि मी या विषयावर लिहितो!

आता ‘थांबत नाही’बद्दल. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ मध्ये पाकिटांवर ‘साखर जास्त’ अशा इशाऱ्याचे काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. त्यानंतर शिक्का लागू झालेल्या गोड पेयांची खरेदी जवळपास पाव हिश्श्याने घटल्याचं दिसलं. सगळं श्रेय शिक्क्याला देता येणार नाही. मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळांतल्या विक्रीवरही त्याच कायद्याने बंधनं आली होती. मला जास्त महत्त्वाची वाटते ती मर्यादा, जिच्यापुढे साखर गेली की शिक्का लागतो. घन पदार्थांत १०० ग्रॅममागे २२.५ ग्रॅम साखरेपासून सुरुवात करून २०१९ पर्यंत ती १० ग्रॅमवर आणली. शिक्का टाळायला अनेक कंपन्यांनी मुकाट्याने साखर कमी केली. म्हणजे ज्याने लेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याच्याही पोटात कमी साखर गेली.

अपमानाचं म्हणाल, तर समोर रसरशीत फळांचं चित्र आणि साखरेचा हिशेब मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, यात गिऱ्हाइकाचा कोणता मान राखला जातो?

तुम्ही न काढलेला आक्षेप मात्र मला जड जातो. साखर काढून कृत्रिम गोडी घातली की शिक्का जातो, गोडाची चटक तशीच राहते. मेक्सिकोने २०२० मध्ये अशा पदार्थांवर ‘मुलांसाठी शिफारस नाही’ अशी वेगळी सूचना छापायला लावली. तिच्यावर तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर लिहा.