चुकलेल्या तारखा, दुसरी हार्ड डिस्क आणि बहिणीला न दिसणारा अल्बम: आपल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण दुकानाला एकच तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि उत्तर देण्याआधी आपल्या कामाची नोंद व आमच्या संगणकावरची प्रत काढून बघितली. दोन मोबाइल, एक जुना लॅपटॉप आणि भरून गेलेले गूगल फोटोजचे खाते यांतले सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर आणून देण्याचे काम आपण आमच्याकडे सोपवले होते. वडिलांच्या जुन्या अल्बमच्या तारखा बिघडल्या, बरेच फोटो अंधुक आले, नफ्यासाठी दुसरी हार्ड डिस्क गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला, पेन ड्राइव्हवर लग्नाचा व्हिडिओ आलाच नाही आणि बहिणीला पाठवलेला अल्बम रिकामा झाला, असे आपले म्हणणे आहे. यातली पहिली चूक पूर्णपणे आमची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

गूगल फोटोजमधून सगळे फोटो एकगठ्ठा उतरवून घेतले की फोटोंसोबत त्यांच्याच नावाच्या छोट्या जेसॉन फाइली येतात. मोबाइलने काढलेल्या फोटोची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते, त्यामुळे तिला सहसा धक्का लागत नाही. परंतु आपण वडिलांच्या अल्बममधले कृष्णधवल फोटो स्कॅन करून गूगलवर चढवले होते आणि आईला विचारून विचारून एकेका फोटोला हाताने साल घातले होते, असे आपणच लिहिले आहे. असे नंतर घातलेले साल उतरवलेल्या फोटोत येत नाही, ते त्या छोट्या फाइलमध्ये राहते. आमच्या सहकाऱ्याने फोटो डिस्कवर घेताना या फाइली निरुपयोगी समजून वगळल्या, आणि डिस्क आपल्या हाती देण्याआधी मी स्वतः जुने फोटो उघडून पाहिले नाहीत. त्यामुळे १९७४ सालचा फोटो स्कॅन केल्याच्या दिवसाखाली जाऊन बसला. आईसोबत बसून केलेले ते काम आमच्या हातून विस्कटले, याबद्दल मी आपली आणि आईंची मनापासून क्षमा मागतो. गूगलवरून उतरवलेला मूळ गठ्ठा आम्ही काम संपल्यावर ४५ दिवस जपून ठेवतो. तो शाबूत आहे, त्यातल्या जेसॉन फाइलीही आहेत, आणि त्यांतली साले आम्ही प्रत्येक फोटोच्या आत लिहून देऊ. या दुरुस्तीचे पैसे अर्थातच घेणार नाही.

आपण अभिप्रायाला जोडलेल्या चित्रात दिसणारा गणपतीचा फोटो मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. तो व्हॉट्सॲपवरून आलेला आहे, आणि व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याच्या आतली तारीख व ठिकाण काढून टाकते. सुदैवाने त्या फाइलच्या नावात २०१७०८२५ हे आकडे आहेत, म्हणजे २५ ऑगस्ट २०१७, त्या वर्षीची गणेश चतुर्थी. हा फोटो मोबाइलवर आल्याचा दिवस आहे, काढल्याचा असेलच असे नाही, तरी फोटो योग्य सालात लावायला तेवढे पुरते आणि आम्ही तो त्या तारखेला लावू.

अंधुकपणाचे मूळही तिथेच आहे. मोबाइलच्या बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. मोबाइलच्या पडद्यावर हे कळत नाही, पण चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे असा फोटो पाच-साडेपाच इंचांपर्यंतच नीट छापला जातो. गेलेला तपशील कोणालाही परत आणता येत नाही, आणि तो आणून देतो असे सांगून मी पैसे घेणार नाही. फोटो ज्यांनी काढला त्यांच्या मोबाइलमध्ये मूळ प्रत अजून असेल, तर त्यांना तो व्हॉट्सॲपवरच, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. तसा पाठवलेला फोटो जसाच्या तसा येतो.

पेन ड्राइव्हबाबत थोडक्यात: ती फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती आणि तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही. व्हिडिओ हार्ड डिस्कवर आहे. हे त्याच वेळी सांगायला हवे होते.

आता दुसऱ्या हार्ड डिस्कविषयी, आणि इथे मला आपल्याशी सहमत होता येत नाही. ‘दुसरी घ्यावीच लागेल’ हे आमच्या सहकाऱ्याचे शब्द चुकीचे होते, कारण डिस्क कुठे घ्यावी हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे आणि ती बाजारातून आणली असती तरी आम्ही प्रत करून दिली असती. पण दुसरी प्रत हवीच, हा आग्रह मी मागे घेणार नाही. आपण सांगलीकर आहात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी आमच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या फोटोंच्या दोन प्रती होत्या, आणि त्या दोन्ही एकाच टेबलाच्या एकाच खणात होत्या. पाणी ओसरल्यावर खण उघडला तेव्हा दोन्ही डिस्कच्या जोडणीच्या फटीतून गाळ निघाला. त्या दिवसांत लोक भिजलेले अल्बम पिशवीत घालून आणत होते. कागदी फोटो स्वच्छ पाण्यात हलकेच सोडवून सावलीत वाळवले की त्यातले पुष्कळ वाचले, मात्र आमच्या त्या दोन डिस्कमधून काहीही निघाले नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी शिरले तेव्हा एक प्रत मिरजेला नातेवाइकांकडे होती, म्हणून कोणाचाही एकही फोटो गेला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो की दोन प्रती वेगवेगळ्या उपकरणांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या छपराखाली असावी. आपल्यासाठी ते छप्पर बहिणीचे घर असू शकेल.

बहिणीच्या अल्बमचे काम सर्वांत आधी करावे लागेल, कारण त्याला मुदत आहे. हार्ड डिस्क मिळाल्यावर, तीन आठवड्यांपूर्वी, आपण मोबाइलमध्ये जागा करण्यासाठी गूगल फोटोजमधूनच फोटो काढून टाकले, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. त्या ॲपमध्ये फोटो डिलीट केला की तो मोबाइलमधून जातो, खात्यातून जातो आणि ज्यांना पाठवला त्यांच्या अल्बममधूनही जातो. समोरच्याने तो आपल्या खात्यात सेव्ह करून घेतला असेल तरच त्यांच्याकडे उरतो. फक्त मोबाइल रिकामा करायचा असेल तर त्याच ॲपमध्ये उपकरणावरची जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे, आणि तो खात्यातल्या फोटोंना हात लावत नाही. हे आम्ही काम देतानाच समजावून सांगायला हवे होते. गूगल फोटोजवर चढवलेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि तिथून परत घेतला की आपल्या जुन्या अल्बममध्येही पुन्हा येतो. तेव्हा आजच ट्रॅश उघडून ते फोटो परत घ्यावेत आणि ‘ट्रॅश रिकामा करा’ हा पर्याय चुकूनही दाबू नये. अडचण आली तर मोबाइल घेऊन दुकानात यावे. ते काम आपल्यासमोर, आपल्याच हाताने करून घेऊ, पासवर्ड आम्हाला सांगण्याची गरज नाही.

हार्ड डिस्क येत्या आठवड्यात कधीही आणून द्यावी. तोपर्यंत तिच्यावरच्या फोटोंची नावे बदलू नयेत, कारण जेसॉन फाइलींशी जोडी लावताना तीच नावे लागणार आहेत. दुरुस्ती झाल्यावर वडिलांच्या अल्बममधला एकेक फोटो आपण दोघे मिळून उघडून पाहू, आणि तारखा बरोबर आहेत असे आपण म्हणाल तेव्हाच आमच्याकडची प्रत पुसू.