माझे भारनियमन

धुळे जिल्ह्यात भारनियमन म्हणजे काय हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. शेतातल्या पंपाची वीज ठरलेल्या तासांपुरती येते आणि ती दिवसा यावी की मध्यरात्री, याबाबत पिकाला कोणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांपासून माझ्या शरीराचा कारभारही असाच चालतो; फरक इतकाच, की वीजवाले निदान वेळापत्रक तरी लावतात.

रक्त, थायरॉइड, क्ष-किरण असे सगळे अहवाल इतके निर्मळ आले, की त्यांच्यावर एखाद्याने मुलगी द्यावी. शेवटी डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखणे आणि न संपणारा थकवा, हे नाव सांगितले. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहत आणि त्यांतल्या ११ दुखल्या की रुग्ण उत्तीर्ण होई. २०१० च्या निकषांनी ती परीक्षाच वगळली. आयुष्यात एकदा विशेष प्राविण्य मिळवण्याची माझी संधी अशी हुकली. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार स्नायू शाबूत असतात, पण मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचा आवाज वाढवून ऐकतात. म्हणजे वाजते पिपाणी आणि ऐकू येतो वरातीतला डीजे.

उपाय म्हणून त्यांनी काम तुकड्या-तुकड्यांनी करायला आणि दमण्याआधी थांबायला सांगितले. दमण्याआधी थांबणारी सून खानदेशात अद्याप कोणी पाहिलेली नाही.

त्यात एप्रिल आला आणि घरात ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, करायचे ठरले. मी बसल्या जागी वीसच बिबडे थापीन, असा लेखी नसला तरी पक्का करार सासूबाईंशी केला होता. परंतु त्या पहाटे अंग चक्क हलके वाटले, आणि या आजारात चांगल्या दिवसाइतका दगाबाज कोणी नाही. लसूण, जिरे, तीळ आणि मिरचीच्या वासाचा घाटा रटरटत होता. तो बुडाला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी ढवळावा लागतो, हे पाहून मी चाटू जावेच्या हातून अक्षरशः हिसकावून घेतला. नंतर गच्चीवर ओल्या कापडावर सत्तर बिबडे थापले आणि वर, ऊन चढायच्या आत, रिकामे पातेलेही घासून टाकले.

बिल त्या दिवशी आले नाही, दुसऱ्या दिवशी आले, थकबाकीसह. कंगवा मुठीत धरूनही केसांपर्यंत पोहोचेना. तेवढ्यात शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, “तुले काय व्हयनं वं माय? भली चांगली दिखी ऱ्हायनी!” या वाक्यावर औषध निघालेले नाही, त्यामुळे मी हसले, तेवढा दाब अजून शिल्लक होता.

चार दिवसांनी सासूबाईंनी कौतुकाने पहिला बिबडा भाजून माझ्या ताटात ठेवला. नुसता श्वास लागला तरी तडकेल असा तो कुरकुरीत झाला होता. तो मोडून देण्यासाठी मी यजमानांना हाक मारली.